चौथ्या घोसापासून फळ बारीक आणि मधेच माल तुटतो: पॉलीहाऊस टोमॅटोत छाटणी कुठे चुकते ते कसं शोधायचं

तक्रार दरवर्षी एकच असते. पॉलीहाऊसमधल्या टोमॅटोचे पहिले दोन-तीन घोस बघत राहावेत असे लागतात. चौथ्या-पाचव्यापासून फुलं गळायला लागतात, लागलेलं फळ गोटीएवढंच राहतं, आणि काढणी रंगात आलेली असताना मधेच दहा-पंधरा दिवस माल तुटतो. पुढे सातव्या-आठव्या घोसाला झाड आपोआप सावरतं. त्या दरम्यान जी शेवटची बाटली फवारलेली असते तिला सगळं श्रेय मिळतं, आणि पुढच्या हंगामात तीच बाटली चौथ्या घोसाच्या आधीच आणून ठेवली जाते. तरी माल तुटतोच.

यातल्या बऱ्याच प्लॉटमध्ये खत-पाण्यात फार खोट नसते. छाटणी आणि वळण देण्याचं काम झालेलं असतं, पण लहर येईल तसं. तीन आठवडे कोणी झाडाला हात लावत नाही आणि मग एका दिवसात झाड सोलून काढतात. टोमॅटोला हे मानवत नाही. किती छाटलं यापेक्षा किती दिवसांनी छाटलं याने जास्त फरक पडतो, आणि दोष शोधायचा तो याच अंगाने.

आधी जात कोणती ते बघा

पुढे सांगतोय ते अमर्यादित वाढीच्या जातींसाठी आहे. या जातींत साधारण दर तीन पानांनंतर एक घोस येतो आणि शेंडा पुढे चालूच राहतो. मर्यादित वाढीच्या जातीत दोन घोसांमध्ये एक-दोनच पानं असतात आणि शेवटी शेंड्यालाच फुलं येऊन वाढ थांबते. नारायणगाव, पिंपळगाव भागात उघड्यावर बांबू-तारेवर घेतल्या जाणाऱ्या अनेक संकरित जाती मर्यादित किंवा मधल्या वाढीच्या आहेत. त्याच रोपवाटिकेतून तीच रोपं उचलून शेडनेटमध्ये लावली आणि एका खोडावर नेली, की चार-पाच घोसांत खेळ संपतो. अशा झाडाच्या फक्त पहिल्या घोसाखालच्या फुटी (पानाच्या बगलेतून निघणारे कोंब) काढायच्या, बाकी झाड मोकळं सोडायचं. तुमची जात या गटातली असेल तर खालचा बहुतेक मजकूर तुमच्या कामाचा नाही.

खड्डा पडला की मागे मोजा

फूल उमलल्यापासून फळ लाल व्हायला हवामानानुसार ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे आज क्रेट रिकामे जात असतील तर गडबड साधारण सात आठवड्यांपूर्वी झालेली आहे. आज काही फवारून आजचा खड्डा भरत नाही. वहीत तारीख मागे मोजा आणि त्या आठवड्यात काय घडलं ते आठवा.

रात्रीचं तापमान १२-१३ अंशांच्या खाली सलग राहिलं असेल तर परागकण नीट तयार होत नाहीत. जुन्नर, निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत हे सर्रास होतं. उलट एप्रिल-मेमध्ये दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २२-२४ च्या वर पारा राहिला तरी फुलं गळतात. ही कारणं छाटणीची नाहीत.

मग हवामान की छाटणी, हे ओळखायचं कसं? तुमच्याकडे किंवा शेजाऱ्याकडे दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने लावलेले दोन प्लॉट असतील तर सोपं आहे. दोन्हीकडे एकाच तारखेच्या सुमारास फुलं गळाली, मग घोस कितवाही असो, तर दोष हवेचा. तारखा वेगळ्या पण दोन्हीकडे चौथा-पाचवा घोसच फसला, तर दोष झाडावरच्या ओझ्याचा आणि छाटणीचा. एकच प्लॉट असेल तर मागच्या दोन हंगामांच्या नोंदी ताडून बघा. नोंदी नसतील तर यंदापासून ठेवा, दुसरा उपाय नाही.

परागकण झडावेत म्हणून फुलं हलवण्याचं काम तरी होतंय ना, हेही याच वेळी तपासा. परदेशात या कामाला बंबलबी नावाच्या मोठ्या मधमाश्या सोडतात, आपल्याकडे झाडं सुतळीने टांगलेली वरची तार हलवणं किंवा ब्लोअरची हवा मारणं एवढंच हाती आहे. सकाळी दहा ते दुपारी बाराच्या सुमारास, दिवसाआड. सकाळी सहाला ओलसर हवेत तार हलवून काही होत नाही, परागकण चिकटून बसलेले असतात.

शेंड्याजवळ जाऊन मोजमाप घ्या

वेगवेगळ्या ओळींतली दहा झाडं निवडा, त्यांना रंगीत फीत बांधा. दर आठवड्याला ठरलेल्या वारी त्यांचीच दोन मापं घ्यायची. एक, शेंड्यापासून १५ सेंटिमीटर खाली खोडाची जाडी. दोन, नुकत्या उमललेल्या फुलांचा घोस शेंड्यापासून किती खाली आहे ते अंतर.

जाडी १० ते १२ मिलिमीटर आणि अंतर १५ ते २० सेंटिमीटर असेल तर झाड तोलात आहे. जाडी मोजायचा व्हर्नियर नसेल तर साधी लिहायची पेन्सिल ७ मिलिमीटरच्या आसपास असते, तिच्यापेक्षा खोड स्पष्ट जाड दिसायला हवं.

खोड ८ मिलिमीटरवर आलं आणि फुलं शेंड्याच्या अगदी जवळ, दहा सेंटिमीटरच्या आत सरकली, म्हणजे झाड थकलंय. खालच्या घोसांनी सगळं ओढून घेतलंय आणि वर द्यायला काही उरलेलं नाही. पहिले तीन घोस झकास आणि चौथा फसला, यात बहुतेक वेळा हेच असतं. हिशेब करून बघा. हवा चांगली असेल तर आठवड्याला साधारण एक घोस फुलतो आणि फळ पिकायला सात आठवडे लागतात. म्हणजे पहिलं फळ तोडेपर्यंत झाडावर सहा-सात घोस चढलेले असतात. ओझं सगळ्यात जास्त होतं ते नेमकं पाचवा-सहावा घोस फुलत असताना. पहिल्या तीन घोसांवर सात-सात, आठ-आठ फळं ठेवली असतील तर मार बसतो तो या वरच्या घोसांना.

दुसऱ्या टोकाला माजलेलं झाड. खोड १४ मिलिमीटरच्या वर, कधी चपटं, मधे भेग पडलेली. शेंड्याची पानं जाड आणि आत वळलेली, घोसाच्या टोकाला फुलांऐवजी पान किंवा फूट निघालेली. इथे नत्र जास्त, पाणी जास्त किंवा फळांचं ओझं कमी असं काहीतरी असतं. अशा झाडाच्या बगलफुटी राहून गेल्या असतील तर माज आणखी वाढतो.

तीन आठवडे रान, मग एका दिवसात सोलणं

सगळ्यात जास्त नुकसान मी यात बघतो, म्हणून यावर जरा सविस्तर.

प्रत्येक पानाच्या बगलेतून फूट निघते. सगळ्यात जोरकस फूट फुललेल्या घोसाच्या लगेच खालची. ती दोन ते पाच सेंटिमीटर असताना दोन बोटांत धरून बाजूला वाकवली की टक्कन मोडते, जखम दोन तासांत सुकते. तीन आठवडे सोडली तर उबदार हवेत हातभर होते, तिला स्वतःचा घोस येतो, आणि नवखा माणूस मुख्य शेंडा कोणता याच गोंधळात पडतो. कोवळी फूट घेणारी असते, देणारी नव्हे. तिची पानं मोठी होईपर्यंत ती मूळ झाडाच्याच जिवावर वाढते. म्हणजे तीन आठवडे तिला पोसायचं आणि तिने परतफेड सुरू करायच्या वेळेला तिला कापून गटारात टाकायचं, असा हा व्यवहार आहे.

तोटा तेवढ्यावर थांबत नाही. अशा आठ-दहा फुटी एका दिवसात निघाल्या की झाडाचा बराच पाला एकदम जातो. मुळं मात्र तेवढीच राहतात आणि पाणी वर ढकलत राहतात. ते बाहेर टाकायला पानं कमी, म्हणून पाणी फळात जातं. पुढच्या काही दिवसांत पिकत आलेली फळं देठाजवळ तडकतात. शेतकरी म्हणतो बोरॉन कमी पडलं. इतके दिवस सावलीत वाढलेलं हिरवं फळ अचानक उन्हात आल्याने त्याच्यावर पांढरट चट्टे पडतात ते वेगळंच. शिवाय मोठ्या जखमा रात्रीच्या दमट हवेत राखाडी बुरशीला आयतं दार उघडून देतात.

हे का होतं? आळसाने क्वचितच. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागण सुरू होते, बायकांच्या टोळ्या ठोक्याने कांद्याला जातात, नाशिककडे त्याच सुमारास द्राक्षाची कामं असतात. पॉलीहाऊसमधल्या फुटी काय, पुढच्या आठवड्यात काढू, असं म्हणत तीन आठवडे जातात. नेमका तोच काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लागवडीचे चौथे-पाचवे घोस फुलण्याचा. त्यामुळे माझं मत असं, की लागवडीच्या आधी मजुरांचं गणित बसवा. जमत नसेल तर क्षेत्र कमी लावा. वेळेवर हात फिरलेले पाच गुंठे, उशिरा सोललेल्या दहा गुंठ्यांपेक्षा बरे.

रान आधीच माजलं असेल तर आज सगळं कापू नका. पहिल्या दिवशी मोठ्या फुटींचे फक्त शेंडे खुडा, म्हणजे त्यांची वाढ थांबेल. फुललेल्या घोसाखालची फूट मात्र पूर्ण काढा, कारण मुख्य शेंड्याशी तिचीच स्पर्धा असते. उरलेल्या फुटी पुढच्या दोन आठवड्यांत खालून वर, प्रत्येक वेळी दोन-तीन, अशा काढत जा. ज्या दिवशी बराच पाला निघाला त्या संध्याकाळी ड्रीप चालवू नका, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी थोडं कमीच ठेवा. कामात मुख्य शेंडा मोडला तर घाबरू नका, मोडल्या जागेखालची सगळ्यात जोमदार बगलफूट पुढे न्या. दोनएक आठवडे मागे पडाल, झाड वाया जात नाही.

पानं किती ठेवायची

लोक इथे दोन टोकांना जातात. कोणी पानाला हात लावत नाही, कोणी चौथ्या घोसापर्यंत खोड उघडं करून ठेवतो, कारण फोटोत तसं दिसलं. वाढलेल्या झाडावर १४ ते १८ चांगली पानं राहायला हवीत. फळ फुगवतात ती त्या घोसाच्या आसपासची आणि वरची पानं. ज्या घोसाची फळं रंगावर आली त्याच्या खालच्या पानांचा उपयोग संपलेला असतो, ती काढा. आठवड्याला दोन-तीन, एका वेळी त्याहून जास्त नको.

पावसाळी दमट हवेत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, खालचा भाग मोकळा ठेवल्याने हवा खेळते आणि करपा आटोक्यात राहतो, तेव्हा खालची पानं थोडी जास्त काढली तरी चालेल. मार्चनंतर उलट. फळावर सावली हवी, दोन-तीन पानं जास्तच ठेवा. देठाचा खुंट मागे ठेवू नका, पान आधी वर उचलून मग खाली दाबलं की खोडाशी स्वच्छ तुटतं. खुंट सडतो आणि सड खोडात उतरते.

फळाच्या बुडाला काळा डाग पडतो त्याचाही पानांशी संबंध आहे. कॅल्शिअम पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून जास्त बाष्प बाहेर पडतं तिथे जास्त जातं. पानांतून बाष्प भरपूर जातं, फळातून फार थोडं. पाल्याने माजलेल्या झाडात जमिनीत कॅल्शिअम असूनही ते पानांत जाऊन बसतं. अशा प्लॉटमध्ये आधी फुटी काढा आणि पाण्याच्या पाळ्या सारख्या करा, कॅल्शिअमची फवारणी त्यानंतर.

घोस विरळणी: सगळ्यांनी करावी असं नाही

मोठ्या फळाच्या जातीत पहिल्या दोन-तीन घोसांवर तीन-चार आणि पुढे चार-पाच फळं ठेवायची. हरभऱ्याएवढी झाली की टोकाची आणि वेडीवाकडी फळं खुडायची. लागलेलं फळ तोडायला हात धजत नाही हे मान्य. विरळणीने एकूण किलो फारसे वाढत नाहीत, कधी थोडे घटतातही. मिळतो तो सारखा आकार आणि सलग चालणारा माल. आकाराला वेगळा भाव देणारा खरेदीदार असेल, एखादी सुपरमार्केटची साखळी किंवा हॉटेलचा पुरवठा, तर विरळणी पैसे देते. वीस किलोच्या क्रेटवर सरसकट बोली होणाऱ्या बाजारात माल जात असेल तर वेडीवाकडी फळं आणि पहिल्या तीन घोसांवरचं जास्तीचं ओझं एवढंच काढा, पुढच्या मजुरीचे पैसे वाचवा.

एक खोड की दोन?

या वादात लोक रोपं मोजतात, मोजायची असतात खोडं. एका चौरस मीटरला साधारण अडीच ते तीन खोडं आपल्या उन्हात ठीक. १००० चौरस मीटरमध्ये एका खोडाची २५०० रोपं किंवा दोन खोडांची १२५० रोपं, दोन्ही एकच. पॉलीहाऊसच्या बियाण्याचा भाव बघता दुसरा मार्ग मोहात पाडतो आणि कलमी रोपाचं मूळ दोन खोडं सहज ओढतं. पहिला तोडा मात्र थोडा उशिरा येतो आणि फळ किंचित लहान राहतं. दुसरं खोड घ्यायचं ते पहिल्या घोसाच्या लगेच खालच्या फुटीपासून, दुसरी कुठलीही फूट तिच्याइतकी जोमदार नसते. घोळ होतो तो २५०० रोपं लावून मधेच ‘दोन खोडं ठेवू, माल वाढेल’ असं ठरवल्यावर. मीटरला पाच खोडं होतात, आत ऊन पोहोचत नाही आणि चौथ्या घोसापासून सगळं बारीक.

शेंडा छताच्या गरम हवेत तर नाही?

हे फार कमी लोक तपासतात. पहिला घोस जमिनीपासून अर्धा मीटरवर, पुढचे पंचवीस-तीस सेंटिमीटरच्या अंतराने, म्हणजे पाचवा-सहावा घोस फुलतो तेव्हा शेंडा दोन मीटरच्या आसपास गेलेला असतो. पंखे नसलेल्या, फक्त नैसर्गिक वायुवीजनावर चालणाऱ्या पॉलीहाऊसमध्ये गरम हवा वर साठते. दुपारी थर्मामीटर कमरेच्या उंचीला ३३ दाखवत असेल तेव्हा तारेजवळ किती आहे ते एकदा टांगून बघा. झाड वेळेवर उतरवलं नाही, म्हणजे सुतळी सैल करून खाली सोडलं नाही, तर फुलं त्या भट्टीत राहतात.

शेंडा तारेला टेकायच्या आधीच उतरवायला सुरुवात करा. आठवड्याला एक फूट, फार तर सव्वा फूट, आणि एका ओळीतली सगळी झाडं एकाच दिशेला. एकदम तीन फूट खाली सोडलं तर पानं उलटीपालटी होतात आणि झाड आठवडाभर रुसतं. उतरवण्याचं काम दुपारनंतर करा, तेव्हा खोड थोडं मऊ असतं, मोडत नाही. फुटी काढणं मात्र सकाळी दव सुकल्यावर, तेव्हा झाड ताठ असतं आणि फूट स्वच्छ मोडते. सुतळीचा वेढा नेहमी एकाच बाजूने द्या आणि क्लिप पानाच्या देठाखाली लावा. घोसाच्या देठाखाली लावली तर खोड सरकलं की घोसच तुटतो.

रंग नीट येत नाही तेव्हा

३०-३२ अंशांच्या वर फळात लाल रंगद्रव्य तयार होणं थांबतं, पिवळं मात्र तयार होत राहतं. त्यामुळे उघड्या पडलेल्या फळाचे खांदे पिवळे-नारिंगी राहतात. २०२० च्या उन्हाळ्यात नाशिक, नगर, पुणे, सातारा पट्ट्यात ‘तिरंगा’ या विषाणूजन्य रोगाची बोंब झाली होती, तेव्हापासून फळावर पिवळा पट्टा दिसला की लोक धास्तावतात. फरक साधा आहे. फक्त उन्हाच्या बाजूची फळं पिवळी आणि पानाआडची लाल असतील तर पानं जास्त काढलीत. सावलीतल्या फळांवरही ठिपके-पट्टे आणि शेंड्याची पानं आकसलेली असतील तर मात्र विषाणूचा संशय घ्या.

विषाणूवरून एक गोष्ट, जी सांगताना संकोच वाटतो पण सांगायला हवी. तंबाखूतला मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकतो आणि हातावरून टोमॅटोत जातो. छाटणीत प्रत्येक झाडाला जखम होते, म्हणजे एक हात सबंध ओळ बाधित करू शकतो. गडी तंबाखू मळतात, बायका मिश्री लावतात, कोणाला सोड म्हणून ती सुटत नाही. पॉलीहाऊसच्या दारात साबण-पाणी ठेवा आणि दर ओळीनंतर साय काढलेल्या दुधात हात बुडवायला लावा. दुधातली प्रथिनं विषाणूला निकामी करतात. निरोगी ओळी आधी, संशयित ओळी शेवटी. काढलेला पाला वाफ्यांमधे टाकू नका, पोत्यात भरून बाहेर नेऊन पुरा. नागअळी आणि पांढरी माशी त्यातूनच परत चढतात.

शेंडा कधी खुडायचा

पीक काढायची तारीख ठरवा आणि ४५ ते ६० दिवस मागे मोजा, उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त. त्या दिवशी उमललेल्या शेवटच्या घोसावर दोन पानं ठेवून शेंडा खुडा. त्यानंतर येणारी फुलं तुमच्या क्रेटमध्ये येणार नाहीत, खत मात्र खातील. शेंडा गेला की बगलफुटी दुप्पट जोराने सुटतात, म्हणून शेवटच्या दीड महिन्यातही फुटी काढायची आठवड्याची पाळी चालू ठेवा. अपवाद एकच. पीक मे महिन्यात संपणार असेल तर वरच्या एक-दोन फुटी काढू नका, दोन पानांवर खुडून ठेवा, शेवटच्या दोन घोसांना सावली होते.